बुद्धीचे इनामदार

महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत पिढ्यान्‌पिढ्या वापरून गुळगुळीत झालेली आणि तरीही चलनातून न गेलेली जी काही वाक्ये आहेत, त्यांत "मुलगा हुशार आहे हो, पण अभ्यास करीत नाही" या वाक्याचा क्रमांक फार वरचा लागेल. पाहुणा दिवाणखान्यात टेकतो न टेकतो, पोह्यांच्या बशीवर खोबरे-कोथिंबीर पडते न पडते, तोच प्रगतिपुस्तकाचा विषय कसा कोण जाणे निघतो. गणितातील आकड्याखाली ओढलेली तांबडी रेघ दिसू नये म्हणून गृहस्थ नेमका त्या जागी अंगठा ठेवून ते पुस्तक पुढे करतात. आणि मग हे वाक्य, प्रथम वडिलांच्या तोंडून किंचित खेदाने व लागलीच आईच्या तोंडून किंचित अभिमानाने, असे दोन स्वरांत बाहेर पडते. पाहुण्याने यावर काय म्हणावयाचे हेही ठरलेले असते. "मग काय, मनावर घेतले की झाले!" असे म्हणून तो पोह्यांकडे वळतो, कारण त्याच्याही घरी एक हुशार मुलगा अभ्यास न करता बसलेला असतो, आणि पुढच्या रविवारी हेच संभाषण वक्ते व श्रोते बदलून व्हावयाचे असते.

याच्या नेमके उलट विधान मात्र आपल्याकडे ऐकू येत नाही. "मुलगा बेताचाच आहे, पण अभ्यास मात्र नेटाने करतो" असे चारचौघांत सांगणारा पिता मला अद्याप भेटावयाचा आहे. एखाद्याच्या घरी तसा मुलगा खरोखरच असला, तर तो पहाटे उठून दिव्याखाली बसतो ही गोष्ट होता होईल तो बाहेर फुटू दिली जात नाही, आणि फुटलीच तर "बसतो आपला पुस्तक घेऊन" अशा शब्दांत तिची बोळवण केली जाते. मुलेही हा शिरस्ता फार लवकर उचलतात. परीक्षेच्या दिवशी शाळेच्या फाटकाशी घटकाभर उभे राहून पाहावे. बोटांना शाई लागलेली, डोळे जागरणाने तांबारलेले, ओठांवर सनावळ्यांची पुटपुट चाललेली, आणि तरीही जो येतो तो "माझे काहीच झाले नाही रे, काल संध्याकाळी पुस्तक उघडले" असेच म्हणत येतो. आणि ऐकणारा, जो गेला महिनाभर माडीवर स्वतःला कोंडून घेऊन बसलेला होता, तोही "माझे तर इतिहासाचे पुस्तकच हरवले होते" असे सांगून त्याच्यावर ताण करतो. हे असत्य निकालाच्या दिवशी उपयोगी पडते. कारण अभ्यास न करता मिळालेले ऐंशी गुण म्हणजे बुद्धी, आणि अभ्यास करून मिळालेले ऐंशी गुण म्हणजे घोकंपट्टी, असा आपल्या समाजाचा हिशेब आहे. आणि सरकारी शिक्क्याचे तेच ऐंशी गुण दुसऱ्या खाती पडले की त्यांची किंमत एकदम आठ आण्यांवर का यावी, हे अर्थशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात सापडत नाही.

या कोड्याचा उलगडा मला आमच्या वाड्यातील अण्णांनी केला. अण्णा मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले असून, जगातील यच्चयावत घडामोडी महसूल खात्याच्या कोणत्या ना कोणत्या सदरात बसतात अशी त्यांची श्रद्धा आहे. "अहो, साधे आहे," ते पानाला चुना लावीत म्हणाले, "कष्ट ही रयतेची जमीन. पेरलेत तर पिकेल, पिकले तरी सारा भरा, नाही पिकले तर तगाई मागा. आणि बुद्धी हे इनाम! इनामदाराने नांगराला हात लावला, तर लोक म्हणणार काय? याचे इनाम खालसा झाले वाटते!"

ही उपमा माझ्या मनात इतकी ठसली की तेव्हापासून मला प्रत्येक हुशार मुलगा पागोटे घालून ओसरीवर बसलेला दिसू लागला. अभ्यास न करणे हा त्याचा आळस नव्हे, तो त्याचा दर्जा आहे. हात न हलवता वसूल येतो आहे तोवरच त्याची इनामदारी. हात हलवलान्‌ की तो कुळांत जमा झाला. बापाला पोराच्या नापासापेक्षा या पदच्युतीची धास्ती अधिक वाटते. नापास झालेल्या हुशार मुलाविषयी आशा उरते. अभ्यास करूनही जेमतेम पास झालेल्या मुलाविषयी मात्र सगळा हिशेब चुकता झालेला असतो. तेव्हा पुस्तक न उघडणे हेच दोन्ही पक्षांच्या दृष्टीने शहाणपणाचे ठरते.

तरीही इनामांच्या इतिहासात एक असा काळ येऊन गेला आहे की ज्याचे स्मरण या इनामदारांनी ठेवलेले बरे. 1852 साली कंपनी सरकारने अकरावा कायदा करून दख्खन व दक्षिण मराठा मुलुखासाठी इनाम कमिशन बसवले, आणि पिढ्यान्‌पिढ्या निर्वेधपणे उपभोगलेल्या इनामांच्या सनदा दाखवा असा तगादा घरोघर जाऊन पोहोचला. लोकांनी माळ्यांवरच्या पेट्या उपसल्या, कसर लागलेले रुमाल सोडले. कोणाला मोहोर सापडली तर कागद सापडेना, कोणाला कागद सापडला तर त्यावरचे नाव भलत्याच शाखेचे निघाले. आणि कित्येकांची इनामे खालसा झाली. असेच एक कमिशन सरकारने उपजत बुद्धीच्या चौकशीसाठी नेमले तर काय हाहाकार उडेल, याचे चित्र मी अण्णांच्या मदतीने अनेकदा रंगवले आहे. वादीच्या वतीने जे दाखले दाखल होतील ते मला तोंडपाठ आहेत. सहा महिन्यांचा असताना घड्याळाकडे बोट दाखवीत असे. तिसऱ्या वर्षी रामरक्षा म्हणून दाखवली, फक्त मधला भाग गाळून. मोलकरणीचा हिशेब तोंडी करतो. आणि सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे वंशावळ: हा अगदी आजोबांवर गेला आहे. आजोबाही फार हुशार होते, पण अभ्यास करीत नसत.

"आणि फैसला?" मी विचारले.

"फैसला कसला! सनद नाही, पण वहिवाट आहे," अण्णा गंभीरपणे म्हणाले. "तीन पिढ्या अभ्यास न केल्याची वहिवाट शाबीत होते आहे. इनाम कायम करावे लागेल."

या इनामाला मुळीच मान्यता नाही असे एक ठिकाण मात्र मला माहीत आहे, आणि ते म्हणजे तालीम. "पहिलवान हुशार आहे, पण जोर काढीत नाही" असे सांगणारा वस्ताद अद्याप जन्मास आलेला नाही. तेल, ताक आणि लिंबू घालून मऊ केलेल्या त्या तांबड्या मातीत उतरणाऱ्याच्या आजोबांची चौकशी कोणी करीत नाही. पहाटे किती जोर झाले, किती बैठका झाल्या, एवढेच विचारले जाते, आणि उत्तर खोटे असेल तर ते खोटे आहे हे हजारो लोकांसमक्ष जाहीर करण्याची सोय शाहू महाराजांनी कोल्हापुरास खासबागेचे मैदान बांधून करून ठेवली आहे. पाठीला माती लागली की वाद मिटला. शाळेतही नापास मुलाच्या पाठीला माती लावण्याची वहिवाट असती, तर निम्म्या घरांतील इनामे एका मार्च महिन्यात खालसा झाली असती. 1952 साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमधून कुस्तीचे कांस्यपदक आणणारे खाशाबा जाधव हे कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. अंगाने लहानखुरे, वडील पहिलवान, म्हणजे वारसा होताच. परंतु त्या वारशावर हेलसिंकीचे तिकीट निघेना, तेव्हा लोकांनी वर्गणी जमवली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकले. घरावर कर्ज मिळते. "मुलगा हुशार आहे" या वाक्यावर कोणत्या सावकाराने कवडी दिल्याचे मात्र ऐकिवात नाही.

शिक्षणखात्याला याची जाणीव नाही असे नव्हे; म्हणूनच शाळांच्या भिंतींवर वाळू रगडून तेल काढण्याविषयीची ती सुप्रसिद्ध ओळ रंगवलेली असते, आणि बक्षीससमारंभाचे अध्यक्ष तिच्याकडे बोट दाखवून प्रयत्नाची महती वर्णितात. भर्तृहरीच्या नीतिशतकातील हा श्लोक वामनपंडितांनी मराठीत आणला, हे अध्यक्षांना ठाऊक असते; तो श्लोक पुढे कोठे जातो याची मात्र त्यांनी कधी विचारपूस केलेली नसते. वाळूतून तेल निघेल, तहानलेल्याला मृगजळाचे पाणी मिळेल, हिंडता हिंडता सशाचे शिंगही सापडेल, परंतु हट्टी मूर्खाचे मन काही केल्या वळवता यावयाचे नाही, असा त्याचा शेवट आहे. म्हणजे ज्या श्लोकाने प्रयत्नांची शिकस्त झाल्यावर कपाळाला हात लावला आहे, त्याचा पहिला चरण तेवढा कापून घेऊन तो आपण प्रयत्नाच्या जाहिरातीसाठी वापरतो. चारही चरण रंगवावेत तर रंगही जास्त लागतो आणि चौथ्या चरणाखाली कोणत्या इयत्तेला बसवावे हा प्रश्नही उभा राहतो. परंपरेने भर्तृहरीला राजा मानले आहे. मला मात्र तो श्लोक वाचताना कर्त्याने निदान काही वर्षे तरी माध्यमिक शाळेत काढली असावीत असे वाटल्यावाचून राहत नाही.

वास्तविक या वादाचा निकाल आपल्या साहित्यशास्त्रकारांनी कित्येक शतकांपूर्वीच देऊन ठेवला आहे. पण आपण पडलो निकालपत्र वाचण्याआधी अपील ठोकणारे लोक. दंडीने काव्याला नैसर्गिक प्रतिभा, पुष्कळ व निर्मळ श्रवण आणि चिकाटीचा अभ्यास ही तिन्ही लागतात असे सांगितले, आणि सांगून झाल्यावर त्याला समोर बसलेल्या शिष्यांची दया आली असावी. कारण प्रतिभा नसली तरी विद्या आणि यत्न यांनी सरस्वतीची सेवा केल्यास ती थोडीबहुत कृपा करतेच, असे आश्वासनही त्याने लागलीच जोडून दिले. आज महाराष्ट्रात जे कवितासंग्रह निघतात त्यांपैकी बहुतेकांचा कायदेशीर आधार हे आश्वासनच आहे. मम्मटाने शक्ती, निपुणता व अभ्यास या तिघांना एकाच दाव्यात वादी करून टाकले. उरला जगन्नाथ पंडित. शाहजहानच्या दरबारात मान पावलेल्या आणि स्वतःच्या योग्यतेविषयी यत्किंचितही शंका नसलेल्या या पंडितराजाने काव्याचे कारण केवळ प्रतिभा, बाकी सारे व्यर्थ, असा रोखठोक निवाडा दिला. पण ती प्रतिभा येते कोठून असे विचारताच, कधी अदृष्टाच्या बळाने येते आणि कधी व्युत्पत्ती व अभ्यास यांच्या योगाने येते, असे म्हणून त्याने पुढच्या दाराने हाकललेल्या अभ्यासाला मागच्या दाराने घरात घेतले. इनामदाराच्या वाड्यात कुळे याच दाराने येत असत.

पण माझा खरा लोभ आहे तो राजशेखरावर. कनोजच्या दरबारातल्या या कवीने 'काव्यमीमांसे'त कवींची वर्गवारी करताना जन्मतः प्रतिभा घेऊन आलेला, अभ्यासाने ती कमावलेला आणि उपदेशावर गुजराण करणारा असे तीन वर्ग पाडले. आणि वर्ग पाडून स्वस्थ न बसता कवीची दिनचर्याच आखून दिली. दिवसाचे चार प्रहर. पहिल्यात काव्याला लागणाऱ्या विद्यांचा अभ्यास, दुसऱ्यात काव्यरचना, तिसऱ्यात काव्यगोष्टी, आणि चौथ्यात, चार मंडळी जवळ घेऊन, सकाळी रचलेल्याची परीक्षा, कारण रसाच्या आवेशात लिहिणाराची दृष्टी चिकित्सक नसते. जवळ फळी आणि खडू असावा, लेखणी-दौत असावी, ताडपत्रे असावीत, भूर्जपत्रे असावीत. प्रतिभेविषयी इतके तपशीलवार दफ्तर मी अन्यत्र पाहिलेले नाही. आमच्या कवींनी यातील तिसरा प्रहर तेवढा उचलला आणि तो वाढवीत वाढवीत हॉटेलच्या टेबलाभोवती चारी प्रहरांवर पसरला, हा दोष राजशेखराचा नव्हे.

ग्रंथकारांच्या बाबतीत तर कष्टाची प्रशंसा हीच शिक्षा होऊन बसली आहे. परीक्षणात "परिश्रमपूर्वक लिहिलेला ग्रंथ" असे शब्द आले की तो ग्रंथ परीक्षकानेही वाचलेला नाही असे खुशाल समजावे. ज्ञानकोशकार केतकरांनी तेवीस खंड काढले, ते खपवण्यासाठी गावोगाव हिंडले, आणि लोकांनी ते काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावले. महामहोपाध्याय काणे यांनी वकिलीचा व्यवसाय सांभाळून धर्मशास्त्राचा इतिहास लिहावयास घेतला. 1930 साली पहिला खंड निघाला आणि 1962 साली पाचवा पुरा झाला, तेव्हा पृष्ठे साडेसहा हजारांवर गेली होती. पुढल्याच वर्षी त्यांना भारतरत्न मिळाले. त्या साडेसहा हजारांपैकी साडेसहा पानेही न चाळलेला गृहस्थ "काय बुद्धी हो!" असे उद्गार काढतो, तेव्हा त्या बुद्धीने बत्तीस वर्षे कोर्ट सुटल्यावर काय केले याचा विचार त्याच्या मनास शिवत नाही. शिवला तर त्यालाही कोर्ट सुटल्यावर काहीतरी करावे लागेल.

तथापि देवाला सर्वांत अधिक फुकटचे श्रेय मिळते ते गाण्याच्या प्रांतात. मैफल रंगली की तक्क्याला टेकलेला रसिक डोळे मिटून "देवाने गळा दिलाय हो!" म्हणतो, आणि तान फसली की तोच रसिक डोळे उघडून "रियाज कमी पडतोय" म्हणतो. नफा देवाचा आणि तोटा गवयाचा अशी ही भागीदारी कोणत्याही दिवाणी कोर्टात टिकणार नाही. 1953 पासून पुण्यात ज्यांच्या नावाने महोत्सव भरतो, त्या सवाई गंधर्वांचाच गळा घ्या. कुंदगोळचे हे रामभाऊ अब्दुल करीमखाँसाहेबांच्या हाताखाली गेले, तेव्हा वयात येताना फुटलेला त्यांचा आवाज सहजी वळेल असा नव्हता. तो त्यांनी घासून घासून वळवला, आणि त्यांच्या स्मरणार्थ भरलेल्या मांडवात पहाटे तीन वाजता शाल लपेटून बसलेली मंडळी एकमेकांस "उपजतच असावे लागते" असे सांगत असत. त्याच मांडवात ज्यांच्या गाण्याने शेवट व्हावयाचा ते भीमसेन जोशी 1933 साली अकरा वर्षांचे असताना गुरूच्या शोधात घरातून पळाले. बिनतिकिटाने आगगाडीतून ग्वाल्हेर, जालंदर असे हिंडले, आणि अखेर कुंदगोळास येऊन गुरूच्या घरी पाणी भरू लागले. आमच्या हुशार मुलांनी यातील घरातून पळून जाणे तेवढे अनुकरणीय मानले आहे. ग्वाल्हेरीची गायकी महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर तर विद्येसाठी पायी उत्तरेत गेले होते. गळा दिलेला होता म्हणावे, तर देवाने त्यांना तो ग्वाल्हेरीपर्यंत चालत का नेण्यास लावला?

अल्लादियाखाँसाहेबांची हकिकत याहून विलक्षण. तरुण वयात, एका दरबारात अतोनात गावे लागल्यामुळे त्यांचा मूळचा आवाज गेला. परत आला तो निराळा होऊन आला. उपजत इनाम असे भर सुगीत खालसा झाल्यावर दुसरा कोणी कैफियती करीत बसला असता. खाँसाहेबांनी उरलेल्या आवाजाचा अदमास घेऊन, त्याला झेपेल आणि दुसऱ्या कोणाला सहजी झेपणार नाही अशी एक नवीच गायकी रचली, जी ऐकताना सम कोठून येणार याचा अंदाज बांधता बांधता कोल्हापूरच्या चांगल्या चांगल्या जाणकारांची मान अवघडत असे.

मी येथे कष्टाचे वकीलपत्र घेतले आहे असा समज होण्यापूर्वी विरुद्ध बाजूही मांडली पाहिजे. कुमार गंधर्व लहानपणीच मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्या हुबेहूब गाऊन दाखवीत, आणि दहा-अकरा वर्षांच्या त्या मुलाचे गाणे ऐकून भल्याभल्यांनी तोंडात बोटे घातली; त्याला रियाज म्हणावे तर त्याचे वयच तेवढे झाले नव्हते. येथे सनद आहे, मोहोर आहे, खुद्द हुजुरांची सही आहे, हे कोणत्याही कमिशनाने मान्य करावे. पण या इनामदाराने काय केले? देवधरांच्या मुंबईच्या शाळेत जाऊन तो शिकत बसला. पुढे क्षयाने देवासला अंथरुणावर पडून राहण्याची पाळी आली, गाण्याची मनाई झाली, तेव्हा पडल्या पडल्या माळव्यातील बायाबापड्यांची गाणी कान देऊन ऐकत राहिला. आणि उठल्यावर जे गायला ते लहानपणच्या त्या चमत्काराहून अगदी वेगळे होते. दुसऱ्या टोकाला आमच्याच वाड्यात एक गृहस्थ होऊन गेले, ज्यांनी पोस्टातून सुटल्यावर रोज संध्याकाळी पेटी काढून बसण्याचा नेम जन्मभर मोडला नाही. त्यांच्या कष्टांत तसूभर खोट नव्हती. बोटांत वेग आला, भात्यावर ताबा आला, पेटीच्या कडेचे पॉलिश झिजून लाकूड दिसू लागले; गाणे मात्र आले नाही. दंडीने कबूल केलेली थोडीबहुत कृपा त्यांच्या वाट्याला इतकीच आली की ते स्वतः अतिशय सुखी असत.

म्हणून ज्यांना कष्टांविषयी खरोखर साक्ष हवी असेल त्यांनी ती रसिकांकडे मागू नये, गवयाच्या शेजाऱ्याकडे मागावी. मी असा शेजारी होतो. पहाटे चारच्या सुमारास भिंतीपलीकडे तंबोरा जुळू लागे. जोडीच्या तारा लागत, खर्जाची लागत नसे; खुंटी करकरे, मणी वर-खाली सरके, जव्हारीत दोरा जाई, पुन्हा निघे; आणि हे सारे आटोपून आता झोप लागेल असे वाटावे तोच मंद्र सप्तकातला एक सा निघे, तो श्वास संपेतोवर निघे, आणि पुन्हा तोच सा निघे. वाक्य पुरे करावयाचे सोडून कोणी एकच अक्षर तासभर उच्चारीत राहिला तर ऐकणाराचे काय होते, हे अनुभवानेच कळते. आमच्या स्वयंपाकघरातील फळीवर पितळी डबे होते. त्या खर्जाबरोबर त्यांतील एका डब्याचे झाकण प्रथम हळूच घुमे, मग शेजारचे थरथरे, आणि हरभऱ्याच्या डाळीचा डबा तर कधी कधी चक्क इंचभर पुढे सरके. असा तो सा वर्षानुवर्षे चालला. पलटे आले ते फार मागाहून; राग आले त्याच्याही नंतर.

वाड्याने मालकांकडे अर्ज करावयाचे ठरवले, आणि मसुदा अर्थातच अण्णांनी केला. "अर्जदार भाडेकरू यांचे निद्रेत सदरहू इसम दररोज पहाटे बेकायदा हरकत करीत असून, सबब मेहेरबान मालकांनी योग्य ती तजवीज करावी" असा तो मजकूर असून त्याखाली बिऱ्हाडवार सह्या होत्या. पहिली अण्णांची, दुसरी माझी. मालकांनी तो अर्ज वाचून उशाशी ठेवला आणि, ते बहिरे असल्यामुळे, त्यात तक्रारीचे काय आहे ते त्यांना उमगले नाही. कालांतराने ते बिऱ्हाड दुसरीकडे गेले. पुढे कित्येक वर्षांनी एका रात्री अण्णांच्या रेडिओवर आकाशवाणीची मैफल लागली असताना तोच आवाज आला. भरलेला, रुंद, खर्जात उतरताना जिन्याच्या पायऱ्या मोजीत उतरावा तसा निःशंक. अण्णांच्या हातातले पान हातातच राहिले. डोळ्यांत पाणी आले. गाणे संपल्यावर ते माझ्याकडे वळून म्हणाले,

"उपजत हो, उपजत! असला गळा का मेहनतीने येतो?"

"अण्णा, आणि तो आपला अर्ज?"

"कोणता अर्ज?" अण्णा म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "दफ्तरदाखल करा तो."

तेव्हा ज्या वाचकांच्या भिंतीपलीकडे सध्या कोणी पहाटे सा लावीत असेल, त्यांना माझी एवढीच विनंती आहे की, घरमालकांकडे अर्ज करू नये. फळीवरचे डबे रात्रीच खाली उतरवून ठेवावेत, कानांत कापूस घालावा आणि कूस बदलून झोपावे. आणि सा लावणाऱ्यांनीही, बनेल तर, पाचाच्या आधी सुरुवात करू नये.